मासा, मासोळी आणि मछली

माझे माहेर सौसरचे, सासर पांढुर्ण्याचे. दोन्ही घरांत बोली मराठी आणि दोन्ही गावांत कचेरीची, शाळेची, पाटीची भाषा हिंदी. लग्नात माझ्या पायांत जोडव्यांबरोबर चांदीच्या मासोळ्या आल्या, त्याला आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. या चांदीच्या माशांना मासोळ्याच का म्हणायचे, मासे का म्हणायचे नाही, असा प्रश्न एवढ्या वर्षांत मला एकदाही पडला नाही. तो पाडला माझ्या नातवाने, आणि तोही एका मेलेल्या माशाच्या निमित्ताने.

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मुलगा नागपूरहून दोन मासे घेऊन आला. नागपूरच्या बाजारात त्यांना ‘फायटर’ म्हणतात. शास्त्रातले नाव बेट्टा. दुकानदाराने सांगितले होते की ही जोडी आहे. लांब परांचा निळा तो नर आणि आखूड परांची तांबूस ती मादी. नातवाने लगेच बारसे केले. निळा तो राजा, तांबूस ती राणी. आम्ही दोघांना एकाच काचेच्या पेटीत सोडले आणि लक्ष्मीपूजनाच्या तयारीला लागलो. भाऊबीजेच्या सकाळी राजा तळाशी आडवा पडला होता. त्याच्या देखण्या परांच्या चिंध्या झाल्या होत्या.

“आजी, राणीनं राजाले मारलं!” नातू ओरडत आला.

घरात पाहुणे होते. एकजण हसून म्हणाले, “आजकालच्या राण्या अशाच व्हय, बापू!” सगळे हसले. नातू मात्र हसला नाही. आठ दिवसांनी राणीच्या पाण्यावर, पेटीच्या कोपऱ्यात, पांढरा फेस साचला. मला वाटले पाणी नासले. माझा भाचा प्राणिशास्त्र शिकवतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, “आत्या, पाणी नासलं नाही. ते घरटं आहे. असं घरटं बहुतेक नरच बांधतो. तुमची राणी नर आहे. तुम्ही दोन नर एका पेटीत ठेवले.”

म्हणजे राजाला राणीने मारले नव्हते. त्याला आमच्या समजुतीने मारले होते. लांब आणि देखणा तो नर, लहान आणि साधी ती मादी, हे दुकानदाराने सांगितले आणि आम्ही सगळ्यांनी एका सुरात मान डोलावली. ही समजूत आली कोठून, याचा शोध मी तेव्हापासून घेत बसले. त्या शोधात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवते.

*

पहिला धागा शाळेच्या वहीत सापडला. नातवाला हिंदीत ‘मेरी मछली’ या विषयावर दहा ओळी लिहायच्या होत्या. त्याने लिहिले, ‘मेरी मछली लड़ता है, क्योंकि वह नर है.’ वही परत आली ती ‘लड़ता’वर तांबडी फुली घेऊन. व्याकरणाच्या दृष्टीने फुली योग्यच होती. हिंदीत मछली स्त्रीलिंगी. ती नर असली तरी ‘लड़ती’च. मी स्वतः तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आहे, आणि असल्या फुल्या मीही हजारोंनी मारल्या आहेत. पण त्या दिवशी नातवाने विचारले, “आजी, घरी मासा लढतो अन् शाळेत मछली लढते. मंग खरं काय व्हय?”

हा प्रश्न नागपूरच्या किंवा भोपाळच्या मुलाला पडायचा नाही. तो आपल्याच मुलांना पडतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. तोपर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती आणि आपण एकाच राज्यात होतो. त्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर सौसर-पांढुर्णा नव्या मध्यप्रदेशात राहिले. संत्र्याच्या बागा होत्या तेथेच राहिल्या, सोयरिकी काटोल-नरखेडशी होत्या तशाच राहिल्या; बदलली ती पाटीवरची भाषा. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी घरचा मासा शाळेच्या फाटकातून आत गेला की मछली होतो, हे काही बदलले नाही.

नातवाला उत्तर द्यायचे म्हणून मी मराठीची बाजू घ्यायला गेले आणि फसले. मराठीत मासा पुल्लिंगी आहे; मासोळी, मासळी स्त्रीलिंगी. पण मासोळी म्हणजे मादी मासा नव्हे. मासोळी म्हणजे लहान मासा. आपल्या भाषेची ही जुनी खोड आहे. मोठा तो दोर, लहान ती दोरी. मोठा तो गाडा, लहान ती गाडी. सुरा-सुरी, लोटा-लोटी, डबा-डबी. हिंदीतही तेच, रस्सा आणि रस्सी. दोरीला आणि डबीला नर-मादी कोठून असणार? तरी लहान, नाजूक, हाताळायला सोपे ते स्त्रीलिंगी, असे आपण बोलायला शिकतो तेव्हाच शिकतो. पायातल्या चांदीच्या माशाला मासोळी म्हणतात ते याच न्यायाने.

आणि मग हा न्याय आपण निर्जीव वस्तूंवरून जिवंत प्राण्यांवर नेतो. लहानपणी सौसरच्या आमच्या वाड्यात आम्हा पोरींची खात्री होती की भिंतीवरची पाल ही कुंपणावरच्या सरड्याची बायको आहे. मुंगळा हा मुंगीचा नवरा, याबद्दल तर कोणालाच शंका नव्हती. खरी गोष्ट अशी की गुळाच्या ढेपेला लागणारे ते मोठे काळे मुंगळे कामकरी असतात, आणि मुंग्यांच्या जातीत कामकरी म्हणजे सगळ्या माद्याच. पाल आणि सरडा तर वेगवेगळ्या कुळांतले. दोघांच्याही घरी आपापले नर आणि आपापल्या माद्या नांदतात.

हसण्यासारखी गोष्ट आहे, पण केवळ पोरींची नाही. युरोपातले मोठमोठे पंडित ॲरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षे मधमाश्यांच्या पोळ्यातल्या प्रमुख माशीला ‘राजा’ म्हणत आले. राज्य चालवते म्हणजे तो राजाच असणार! सतराव्या शतकात हॉलंडच्या स्वामरडॅमने ती माशी चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आत अंडाशय दिसले, आणि राजाची राणी झाली. आमच्या पेटीत घडले ते याच्या उलटे.

*

आता माशांकडे वळू. माशांची नर-मादी ओळखण्यात केवळ दुकानदार फसतात असे नाही. आपल्याच देशात एक फार नामवंत माणूस फसला होता. फ्रान्सिस बुकॅनन, पुढे ज्याने हॅमिल्टन हे आडनाव घेतले, हा कंपनी सरकारचा स्कॉटिश डॉक्टर. १८०७ पासून काही वर्षे त्याने बंगाल-बिहारच्या मुलखाची पाहणी केली आणि १८२२ मध्ये गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय माशांच्या अभ्यासात या ग्रंथाला आजही पायाचा दगड मानतात. रोहूला शास्त्रीय नाव दिले ते याच माणसाने.

या ग्रंथात त्याने दोन छोट्या माशांची वर्णने दिली. एकाचे नाव चुना आणि दुसऱ्याचे सोता. रंग वेगळा म्हणून जात वेगळी, असे त्याने धरले. पुढे लक्षात आले की या दोन जाती नाहीतच; एकाच जातीचे नर आणि मादी आहेत. विणीच्या दिवसांत नर मधासारखा पिवळा-केशरी होतो आणि त्याचा गळा काळसर पडतो. मादी मात्र वर्षभर साधी, अंगावर एक तपकिरी पट्टा घेऊन असते. एकाच घरच्या नवरा-बायकोला हॅमिल्टनने दोन घराणी देऊन टाकली. हा चुना मासा बेट्टाच्याच गणगोतातला आहे. दोघेही पाण्यावर येऊन तोंडाने हवा घेतात आणि दोघांतही फेसाचे घरटे बांधून पिल्ले राखायचे काम नराकडे असते. तोंडाने हवा घेण्याची कला आपल्याकडच्या मरळ माशालाही येते. म्हणून तर बाजारात मरळ घमेल्यात घटकाभर जिवंत राहते.

बेट्टाचा स्वतःचा इतिहास याहून गमतीचा आहे. हा मासा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. भातशेतीच्या उथळ पाण्यात, ओढ्या-डबक्यांत राहणारा. तिकडे त्याला ‘प्ला कात’ म्हणतात. चावणारा मासा असा त्याचा अर्थ. थिओडोर कँटर हा मूळचा डेन्मार्कचा, पण कंपनी सरकारच्या चाकरीत असलेला डॉक्टर. सयामच्या राजाने १८४० मध्ये कँटरच्या एका परिचिताला असे काही मासे दिले होते, ते कँटरपर्यंत पोचले. १८४९ मध्ये त्याने कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात मलाया मुलखातल्या माशांची यादी छापली, तीत या माशांचीही हकीकत दिली. आरशात आपले प्रतिबिंब दिसताच हा मासा कसा पेटून उठतो, ते त्याने लिहिले. सयामी लोक या झुंजींवर मोठाल्या रकमा लावतात, कधी कधी स्वतःला आणि बायकापोरांनाही पणाला लावतात, हेही लिहिले. द्यूतात बायको लावणे आपल्याला काही नवीन नाही. झुंजी भरवण्याचा परवाना मक्त्याने दिला जाई आणि त्यातून राजाला चांगले उत्पन्न होई.

पण नाव देताना कँटरचा घोटाळा झाला. पिनांगकडचा एक मासा आणि सयामचा हा झुंजार मासा यांना त्याने एकाच जातीत घातले आणि त्या जातीला ‘पुग्नॅक्स’, म्हणजे भांडखोर, असे लॅटिन नाव दिले. साठ वर्षांनी, १९१० मध्ये, लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या चार्ल्स टेट रेगनने दाखवून दिले की हे दोन मासे वेगळे आहेत. भांडखोर हे नाव नियमाप्रमाणे पिनांगच्या माशाकडे राहिले. झुंजार सयामी माशाला रेगनने नवे नाव दिले, ‘बेट्टा स्प्लेंडेन्स’, म्हणजे झळाळणारा बेट्टा. आणि ज्याच्या कपाळी भांडखोर हा शिक्का कायमचा बसला, तो पिनांगचा मासा कसा? तर त्याचा नर अंडी स्वतःच्या तोंडात धरून पिल्ले वाढवतो, आणि तेवढे दिवस तोंड मिटून असतो!

*

झुंजीबद्दल सयामच्या लोकांना नावे ठेवावी असे मला वाटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि गोटमार सुरू होते. पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून आणली, नदीच्या मध्यावर दोन्हीकडून दगड पडले आणि दोघेही गेले, अशी आख्यायिका आपण सांगतो. माझे पती असेपर्यंत त्या दिवशी मी खिडकी उघडत नसे. झुंजीचा नाद काय असतो ते आपल्याला बाहेरून शिकायला नको.

मला सांगायचे आहे ते वेगळे. सयामच्या शेतातला मूळचा मासा आमच्या राजासारखा नव्हता. तो मळकट हिरवट-तपकिरी, आखूड परांचा होता. नर-मादीत वरवर पाहता फरक थोडा. निळे, लाल, पांढरे रंग आणि पदरासारखे लोंबते पर, हे माणसाने निवडून निवडून, पिढ्यान् पिढ्या जोड्या लावून घडवले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासातून दिसले की माणूस हा मासा किमान चारशे वर्षे पाळत आला आहे. सुरुवातीला निवड झाली ती झुंजीसाठी. लांब परांची हौस पुढची, शोभेच्या पेट्या घरोघरी आल्यावरची. १९२७ मध्ये अमेरिकेत फिक्या अंगाचे, लाल परांचे मासे उतरले तेव्हा तिथल्या फ्रँक लॉकने त्यांना ‘बेट्टा कंबोडिया’ ही नवीच जात समजून तसे नाव दिले. मासा तोच होता, कपडे बदललेले होते.

म्हणजे ज्या लांब परांवरून दुकानदाराने नर ओळखला, ते पर माणसानेच माशाला चढवलेले. झुंजीच्या घराण्यातले नर आजही आखूड परांचे असतात. आमची राणी त्यांतली. लांब परांच्या घराण्यात मादीचे परही बऱ्यापैकी लांब निघतात. आखूड परांच्या नराला मादी समजावे आणि लांब परांच्या मादीला नर, हे ठरलेलेच. आणि दोघे भिडले तर लोंबत्या परांचा मासा हरणार हेही ठरलेले. नऊवारीचा पदर सोडून कोणी कुस्ती खेळत नाही.

*

मग ओळखायचे कसे? याचे पहिले धडे मला सौसरकडच्या एका म्हाताऱ्या ढीवराने दिले. त्यांनी कन्हानच्या पाण्यात जन्म काढलेला. मी विचारले, “बाबा, मासा नर की मादी हे तुम्ही कसं ओळखता?” ते म्हणाले, “डोळ्यानं नाही वळखत, बाई. हातानं वळखतो. पावसाळ्यात रोहूच्या छातीच्या परावर बोट फिरवाचं. खरबडीत लागला तर नर, गुळगुळीत लागला तर मादी. मंग पोट हलक्यानं दाबाचं. दुधावानी पांढरं आलं तर पक्का नर.”

हे म्हाताऱ्याचे ज्ञान आपल्या मत्स्यशास्त्राच्या एका मोठ्या घटनेच्या मुळाशी आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्याच्या साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे तळ्यात सोडायचे बीज नदीतून धरून आणावे लागे, आणि त्यात नको ते मासेही मिसळून येत. १० जुलै १९५७ रोजी ओरिसातल्या अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी यांना या कुळातल्या माशांना पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची सुई टोचून बांधल्या पाण्यात वीण घालायला लावण्यात यश आले. १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. पाण्यात कापडी हापा बांधायचा, त्यात एका मादीला दोन नर या हिशेबाने मासे सोडायचे, ही पद्धत मग गावोगाव गेली. यात नर-मादी ओळखण्यात चूक झाली तर त्या हाप्यात वीण होत नाही आणि हंगामाचे दिवस हातचे जातात. म्हणून तिथे कोणी रंगावर आणि रुबाबावर भरवसा ठेवत नाही. परावर बोट फिरवतात.

बेट्टाची अशीच खूण आहे, पण ती बारीक. मादीच्या पोटाखाली, पुढच्या दोन लोंबत्या परांच्या मागे, मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका असतो. ती अंडी बाहेर पडायची नळी. वयात आलेल्या मादीत तो स्पष्ट दिसतो. कोवळ्या नरातही कधी कधी तसा भास होतो, म्हणून त्या एकावर विसंबायचे नाही. दुसरी खूण कल्ल्यांची. मासा रागावला की कल्ल्यांची झाकणे फुगवतो. तेव्हा नराच्या हनुवटीखाली दाढीसारखा काळसर पडदा चांगला बाहेर येतो, मादीचा थोडाच दिसतो. आरसा दाखवला की मादीही फुगते, तेव्हा फुगला म्हणून नर असे धरू नये. तिसरी खूण अंगलटीची. नर लांबट, मादी पोटाशी गोल. विणीला तयार झालेल्या मादीच्या अंगावर उभे पट्टे उमटतात, पण फिक्या रंगाच्या माशात ते दिसत नाहीत. चौथी खूण फेसाची. तो बहुधा नर करतो, क्वचित एखादी मादीही थोडे बुडबुडे सोडते. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाबद्दल तर जाणताही छातीठोक सांगत नाही. चारही खुणा एकत्र पाहायच्या आणि मगच बोलायचे. आणि जोडी ठरली तरी एका पेटीत सोडायची नाही.

याच्याही पुढची गोष्ट भाच्याने सांगितली तेव्हा मी अवाक झाले. १९७० च्या दशकात शास्त्रज्ञांनी बेट्टाच्या माद्यांचे अंडाशय शस्त्रक्रियेने काढले. त्यांतल्या काहींच्या पोटात त्या जागी वृषण वाढले. त्यांचे पर लांबले, त्यांनी फेसाची घरटी बांधली आणि दुसऱ्या माद्यांबरोबर पिल्लेही जन्माला घातली. नर आणि मादी यांच्यामध्ये आपण जी दगडी भिंत समजतो, ती या माशात एवढी पातळ आहे.

*

पुढच्या होळीला भाचा खरी मादी घेऊन आला. पांढरा ठिपका त्याने नातवाला भिंगातून दाखवला. मग माळ्यावरची जुन्या कंदिलाची काच काढून पेटीत उभी केली, तिच्यात मादी ठेवली आणि राणीला बाहेर. तीन दिवस राणी त्या काचेभोवती पर फुलवून फिरला आणि फेसाचे घरटे मोठे करत राहिला. चौथ्या दिवशी मादीच्या अंगावर उभे पट्टे दिसले तेव्हा भाच्याने काच उचलली.

पुढे जे पाहिले ते विसरणार नाही. राणीने तिला धनुष्यासारखा विळखा घातला. पांढरी अंडी साखरेच्या दाण्यांसारखी खाली पडू लागली. राणी ती एकेक तोंडात झेली, वर नेई आणि फेसात नीट बसवी. सगळे संपल्यावर त्याने मादीला पिटाळले, कारण ती अंडी खाण्याचा धोका असतो. आम्ही तिला लगेच वेगळ्या बरणीत ठेवले. पुढचे दिवस राणी घरट्याखालून हलला नाही. अंडे निसटले की झेले, पिल्लू निसटले की झेले. ज्या तोंडाने त्याने राजाच्या परांच्या चिंध्या केल्या होत्या, त्याच तोंडात पिल्लू धरून तो वर नेत होता आणि पिल्लाला इजा होत नव्हती. माझी सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. ती हळूच म्हणाली, “आई, हे तर बाळंतिणीवानी करते!”

ती ‘करते’ म्हणाली, ‘करतो’ म्हणाली नाही. पिल्ले सांभाळणारा म्हटल्यावर तिच्याही तोंडी स्त्रीलिंगच आले. दुकानदाराने पर पाहून लिंग ठरवले होते, आम्ही माया पाहून ठरवत होतो. चूक तीच होती.

मला तेव्हा महाभारताच्या आदिपर्वातली कथा आठवली. अद्रिका नावाची अप्सरा शापाने यमुनेत मासोळी होऊन राहते. कोळी तिला पकडतात, पोट चिरतात, तर आत दोन माणसांची मुले निघतात; एक मुलगा, एक मुलगी. दोघांना उपरिचर राजापुढे नेतात. राजा मुलगा ठेवून घेतो आणि मुलगी कोळ्याला परत देतो. मुलगा पुढे मत्स्य नावाचा राजा होतो. मुलगी नाव वल्हवते, अंगाला माशाचा वास येतो म्हणून तिला मत्स्यगंधा म्हणतात. ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले, शाळेत सांगतही आले. एकाच पोटातून निघालेल्या दोघांचे नशीब केवळ ‘हा कोण आणि ही कोण’ एवढ्यावर ठरले, हे मात्र त्या पेटीपुढे बसल्यावर प्रथम जाणवले. आणि कुरुवंश पुढे चालवला तो राजाने परत दिलेल्या मुलीनेच, सत्यवतीने.

पिल्ले फार जगली नाहीत. इतक्या बारीक तोंडांना घालायचे खाणे आम्हाला जमले नाही. राणी मात्र त्यानंतरही वर्षभराहून अधिक जगला. या माशाचे आयुष्यच दोन-तीन वर्षांचे. थायलंडने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवले आहे; आमच्या घरात तो फळीवर, देवघराच्या शेजारी, एकटा राहत होता. नाव बदलू या का, असे मी नातवाला एकदा विचारले. तो म्हणाला, “काहून? त्याचं नाव राणी व्हय.”

२०२४ च्या पावसाळ्यात एका सकाळी नातू माझ्या खाटेशी येऊन उभा राहिला. डोळे भरलेले होते.

“आजी, राणी मेला.”

तीस वर्षांची मास्तरीण मी. कर्ता स्त्रीलिंगी, क्रियापद पुल्लिंगी. वहीत असते तर फुली मारली असती. मी उठले, त्याचा हात धरला, आणि आम्ही दोघांनी राणीला परसातल्या संत्र्याच्या झाडाखाली पुरले.